वाकते, म्हणून धरते
प्लास्टिकच्या साध्या जोडण्यांची आखणी आणि घडण : प्रस्तावना

टक् असा आवाज होतो आणि रिमोटचे मागचे झाकण बसते. दप्तराचे बकल दोन बोटांनी दाबले की सुटते. केबल टायचे शेपूट ओढले की वायरींचा जुडगा आवळला जातो आणि पुन्हा ढिला होत नाही. मोटारीच्या दाराचे आतले पॅनेल काढले, तर त्याच्या पाठीवर कंगोरेदार क्लिपांची रांग दिसते. या जोडण्यांत स्क्रू नाही, रिव्हेट नाही, गोंद नाही. धरणारा भाग वस्तूच्याच अंगातून निघालेला असतो, नाहीतर मशीनच्या एका शॉटमध्ये तयार झालेला छोटासा तुकडा असतो. अशा जोडण्या कशा आखाव्यात आणि डायमधून कशा काढाव्यात, हा या पुस्तकाचा विषय आहे.

पुस्तकाचा सगळा भर एका विचारावर आहे. लोखंडी बोल्ट धरतो तो ताठपणाच्या जोरावर. त्याने वाकू नये हीच आपली अपेक्षा असते. प्लास्टिकची क्लिप आधी वाकते, अडथळा ओलांडते, पुन्हा सरळ होते आणि सरळ झाल्यावर धरते. तिचे वाकणे हेच तिचे काम आहे. किती वाकायचे, कुठून वाकायचे, किती वेळा वाकायचे आणि बसल्यावर मोकळे कसे राहायचे, हे ठरवणे म्हणजे क्लिपची आखणी. क्लिप तुटली की ती जाड करायची, हा धातूकामातून आलेला उपाय इथे बहुतेक वेळा उलटा पडतो. तो का उलटा पडतो हे ज्याला नीट उमजले, त्याला या पुस्तकाचा अर्धा भाग कळला असे समजायला हरकत नाही.

आयटीआय आणि डिप्लोमाचे विद्यार्थी, डाय मेकर, मोल्डिंग मशीनवर उभे राहणारे ऑपरेटर आणि स्वतःचे छोटे उत्पादन बाजारात आणू पाहणारे उद्योजक, असे चार प्रकारचे वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे लेखन झाले आहे. वसई, भोसरी, चाकण, वाळूज अशा ठिकाणच्या कारखान्यांत आखणारा, डाय मेकर आणि ऑपरेटर रोज एकमेकांच्या कामावर अवलंबून असतात. पण आखणाऱ्याला डाय उघडण्याची दिशा माहीत नसते, डाय मेकरला क्लिप किती वेळा उघडणार हे सांगितलेले नसते आणि ऑपरेटरला तर तो तुकडा पुढे कुठे बसणार याचाही पत्ता नसतो. या तिघांमधले अंतर कमी झाले, तर पुष्कळ क्लिपा तुटायच्या थांबतील.

या जोडण्यांचा इतिहास फार जुना नाही. इंजेक्शन मोल्डिंगचे पहिले पेटंट १८७२ मध्ये अमेरिकेत जॉन वेस्ली हायट आणि त्याचा भाऊ आयझाया यांनी घेतले. त्या यंत्रातून सेल्युलॉइड दाबले जाई. पण वाकून परत येणाऱ्या जोडणीसाठी लागणारे चिवट पदार्थ विसाव्या शतकातच हाती आले. ड्यूपाँ कंपनीत वॉलेस करॉथर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉन ६६ तयार झाले. १९५४ मध्ये इटलीत ज्युलिओ नात्ता यांनी नियमित साखळीचे पॉलिप्रॉपिलीन बनवले. त्या सुमारासच फिरत्या स्क्रूने प्लास्टिकचा दाणा वितळवून पुढे ढकलणारी मशीन्स रुळू लागली आणि वितळलेला माल एकसारखा गरम आणि एकसारखा मिसळलेला मिळू लागला. पदार्थ आणि यंत्र एकत्र आल्यावर जोडण्यांचे युग सुरू झाले.

त्यातली दोन उदाहरणे या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतात. पहिले केबल टायचे. अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स कंपनीचे मॉरस लोगन १९५६ मध्ये बोइंगच्या विमान कारखान्यात गेले होते. तिथे वायरींचे जुडगे मेणाच्या दोरीने गाठी मारून बांधले जात. गाठी आवळताना कामगारांची बोटे कापत. दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, लोगन यांच्या टायसाठी पेटंटचा अर्ज दाखल झाला. नायलॉनचा पट्टा आणि त्याच्या डोक्यात पट्ट्याला पकडणारा पोलादी दात, अशी त्याची रचना होती. पुढे दात आणि पट्टा दोन्ही नायलॉनचेच करून एका शॉटमध्ये निघणारे टाय आले. आज इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत असतात ते बहुधा हेच. त्याच्या डोक्यातली इवलीशी जीभ पट्टा आत जाताना प्रत्येक दातावर वाकते आणि लगेच परत येते. पट्टा मागे ओढला की तीच जीभ दातात रुतते. एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कठोर, हा स्वभाव तिच्या आकारातून येतो.

दुसरे उदाहरण भिंतीतल्या गिट्टीचे. तेही १९५८ सालचेच. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या टुम्लिंगेन गावी आर्टूर फिशर यांनी नायलॉनची गिट्टी तयार केली. त्याआधी भिंतीत लाकडी खुंट्या ठोकत किंवा तागाच्या धाग्यांचे रॉलप्लग वापरत. फिशर यांच्या गिट्टीचे पुढचे अंग चिरलेले होते. स्क्रू आत शिरला की दोन्ही बाजू फाकतात आणि भोकाच्या भिंतीवर दाब देतात. बाजूच्या छोट्या जिभा गिट्टीला स्क्रूबरोबर फिरू देत नाहीत. आकार एवढाच, पण भिंतीवर स्क्रूने काहीही टांगण्याची रीत त्याने बदलून टाकली. इथे प्लास्टिक वाकून परत येत नाही, तर फाकून दाबलेल्या अवस्थेतच राहते. चारही बाजूंनी भिंतीचा आधार असल्याने त्याला तसे राहणे परवडते. मोकळ्या हवेतली क्लिप अशी कायम ताणात ठेवली तर ती हळूहळू सैल होते. हा फरक फार महत्त्वाचा असल्याने त्यासाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

आता वाकण्याच्या गणिताकडे वळू. साधी हुकाची क्लिप म्हणजे एका टोकाला पक्की आणि दुसऱ्या टोकाला मोकळी असलेली भुजा. हूक अडथळ्यावरून जाताना भुजेचे टोक जितके बाजूला सरते, तितका तिच्या मुळाशी पदार्थ ताणला जातो. सारख्या जाडीच्या भुजेसाठी हे ताणले जाणे काढायची रीत सोपी आहे : दीड गुणिले जाडी गुणिले टोकाचे सरकणे, भागिले लांबीचा वर्ग. समजा रिमोटच्या झाकणाची भुजा १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड आहे, आणि हुकासाठी तिला दीड मिलिमीटर सरकायचे आहे. ताण येतो सुमारे ३.१ टक्के. एबीएस या पदार्थाला एकदाच बसवायच्या जोडणीत साधारण अडीच टक्के चालतो. म्हणजे ही भुजा पहिल्याच वेळी पांढरी पडेल किंवा तडकेल.

इथे जाडी वाढवून ३ मिलिमीटर केली, तर ताण ४.७ टक्क्यांवर जातो. जाड क्लिप लवकर तुटते ती यामुळे. उलट लांबी १५ मिलिमीटर केली तर ताण २ टक्क्यांवर येतो. झाकण वारंवार उघडायचे असेल तर मर्यादेच्या साठ टक्क्यांपर्यंतच जावे असा संकेत आहे. म्हणजे एबीएससाठी दीड टक्का. त्यासाठी लांबी १८ मिलिमीटर केली की ताण १.४ टक्के होतो आणि झाकण वर्षानुवर्षे टिकते. तेवढी जागाच नसेल, तर भुजा टोकाकडे निमुळती करावी. टोकाची जाडी मुळाच्या निम्मी केली, तर तेवढ्याच ताणात भुजा साठ टक्क्यांहून अधिक सरकू शकते. शिवाय मालही कमी लागतो. वहीच्या कोपऱ्यात मावेल एवढे हे गणित आहे. तरी ते न करता काढलेली असंख्य झाकणे बाजारात आहेत आणि ती चिकटपट्टीने बांधलेली आपण घरोघरी पाहतो.

भुजेच्या मुळाशी असलेला कोपरा ही दुसरी नाजूक जागा. कोपरा काटकोनी आणि धारदार ठेवला तर सगळा ताण त्या एका रेषेवर गोळा होतो. तिथे जाडीच्या निम्म्याएवढी गोलाई दिली की क्लिपचे आयुष्य कितीतरी वाढते. त्याहून फार मोठी गोलाई देऊन लाभ थोडा. उलट मुळाशी माल जाड होऊन पुढच्या बाजूला खळगा पडतो. हुकाच्या दोन्ही उतारांचेही असेच. आत जाण्याचा उतार साधारण ३० अंशांचा असला की बोटाला जोर कमी लागतो. सुटण्याच्या बाजूचा उतार ४५ अंशांच्या आसपास असला तर जोडणी ओढून सुटते. तो ९० अंशांजवळ नेला तर जोडणी कायमची होते. जोडणी उघडायची आहे की नाही, हा निर्णय इथेच घ्यायचा असतो, आणि तो ग्राहकाच्या वतीने घ्यायचा असतो.

पदार्थाची निवड हे या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण आहे. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि थकवा सोसणारे. त्याच्या पातळ पापुद्र्यातून बिजागरी करता येते. शाम्पूच्या बाटलीचे उघडझाप करणारे झाकण पाहावे : झाकण आणि बूड यांना जोडणारी पट्टी पाव ते अर्धा मिलिमीटर जाड असते. वितळलेला माल त्या अरुंद वाटेतून जाताना त्याच्या लांब साखळ्या वाहण्याच्या दिशेने सरळ होतात, आणि तुकडा गरम असतानाच एकदोनदा वाकवला की आणखी सरळ होतात. मग ती पट्टी लाखो वेळा वाकली तरी तुटत नाही. मात्र माल बिजागरी ओलांडून पलीकडे गेला पाहिजे. दोन बाजूंनी येऊन तो बिजागरीवरच भेटला, तर तिथे सांध्याची रेषा पडते आणि बिजागरी पहिल्या दिवशीच फाटते. कागदावर दोन्ही तुकडे हुबेहूब सारखेच दिसतात. फरक असतो तो माल कुठून आत सोडला यात.

ॲसिटल, म्हणजे पीओएम, स्प्रिंगसारखे परत येते. बकल आणि मोटारीतल्या क्लिपांसाठी ते फार वापरले जाते. पॉलिकार्बोनेट ताकदीचे, पण ताणात ठेवून त्यावर तेल किंवा सॉल्व्हंट लागले तर त्याला भेगा जातात. काचतंतू घातलेले नायलॉन ताठ होते, पण त्याची वाकण्याची मुभा दीड-दोन टक्क्यांवर येते. ताकद वाढवायची म्हणून क्लिपच्या मालात काचतंतू घालणारे पुष्कळ आहेत. त्यांनी आधी वरचे गणित करून पाहावे.

नायलॉनची कहाणी वेगळी सांगायला हवी. हा पदार्थ हवेतली ओल पितो. मशीनमध्ये जाताना त्याचा दाणा कोरडाठाक हवा; म्हणून तो ८० अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास सुकवतात. ओला दाणा बॅरलमध्ये गेला तर वाफ होऊन तुकड्यावर चंदेरी रेघा उठतात आणि उष्णतेत पाणी साखळ्याच तोडते, त्यामुळे माल कायमचा ठिसूळ होतो. पण तुकडा बाहेर पडल्यावर त्याला थोडी ओल मिळालीच पाहिजे. ताजे, कोरडे नायलॉन कडक असते. हवेतली दोन-अडीच टक्के ओल शोषली की ते चिवट होते. म्हणून चांगले केबल टाय बंद पिशवीत, ओल सांभाळून विकले जातात. रत्नागिरीच्या पावसाळ्यात मऊपणे वाकणारा टाय चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्या पिशवीत पडून राहिला, तर आवळतानाच कडकन तुटू शकतो. इलेक्ट्रिशियन माल खराब म्हणतो. खरे तर तो फक्त सुकलेला असतो. उन्हातल्या कामाला काळा टाय घ्यावा, यालाही असेच कारण आहे. त्यातली काजळी अतिनील किरण अडवते. घराच्या गच्चीवरच्या सोलर पॅनेलच्या वायरी पांढऱ्या टायने बांधणे म्हणजे थोड्याच काळात त्या लोंबकळणार हे ठरलेले.

आता डाय. क्लिपच्या हुकाखाली पोकळी असते आणि त्या पोकळीमुळे तुकडा डायमध्ये अडकतो. तो सोडवायला डायच्या आत बाजूला सरकणारे भाग लावता येतात. त्याने डायची किंमत वाढते, झिजणारे भाग वाढतात आणि दुरुस्त्याही वाढतात. पण हुकाच्या बरोबर खाली तळाला एक खिडकी ठेवली, तर डायचा खालचा भाग त्या खिडकीतून वर येऊन हुकाची खालची बाजू घडवू शकतो. मग डाय सरळ वरखाली उघडतो आणि तुकडा मोकळा होतो. घरातल्या कितीतरी प्लास्टिकच्या वस्तूंवर क्लिपजवळ एक चौकोनी भोक दिसते; त्याचे कारण बहुधा हेच. एका भोकाने अख्खी यंत्रणा वाचते. मात्र पोलादाचे दोन भाग जिथे एकमेकांना घासून बंद होतात, तिथे निदान तीन अंशांचा उतार द्यावा, नाहीतर ती कड लवकर झिजून तिथून पातळ पापुद्रा बाहेर येऊ लागतो.

डाय मेकरांच्या अनुभवातून आलेला एक नियम मी मुद्दाम ठळक छापला आहे : पहिल्या ट्रायलला क्लिप किंचित सैल ठेवावी. डायमधले लोखंड घासून काढले की तुकड्यावर प्लास्टिक वाढते आणि जोडणी घट्ट होते. आधीच घट्ट निघाली तर डायमध्ये लोखंड भरावे लागते, आणि वेल्डिंग करून पुन्हा मशीनिंग करणे खर्चाचे आणि जोखमीचे. थंड होताना माल आकसतो, हेही हिशेबात धरावे लागते. एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसते, तर ॲसिटल सुमारे दोन टक्के. एका मालासाठी केलेल्या डायमध्ये दुसरा माल ओतून तीच क्लिप मिळेल, ही आशा धरू नये.

मशीनवर काम करणाऱ्याच्या हातातही बरेच काही असते. थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट. सायकलमधला सर्वांत मोठा वाटा थंड होण्याचाच असल्याने पातळ भुजा टिकाऊही असते आणि किफायतशीरही. रनर, म्हणजे माल आत नेणाऱ्या वाटेत उरलेले प्लास्टिक, दळून पुन्हा वापरणे योग्यच आहे, पण त्याचे प्रमाण ठरलेले असावे आणि जीव सांभाळणाऱ्या जागी, उदाहरणार्थ हेल्मेटच्या बकलमध्ये, तो मिसळूच नये. दर वेळी बॅरलमधून जाताना साखळ्या थोड्या आखूड होतात. तुकड्याचा रंग आणि चमक तशीच राहते. कमी होतो तो चिवटपणा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नुसते पाहून माल पास करू नये. प्रत्येक पाळीत काही तुकडे उघडझाप करून, ओढून आणि तोडून पाहावेत. मोडलेला तुकडा फेकून न देता तो कुठून मोडला हे नोंदवावे. मुळाशी मोडला तर गोलाई किंवा लांबी तपासावी, मधेच मोडला तर सांध्याची रेषा, आणि काचेसारखा फुटला तर सुकवण आणि तापमान.

थ्रीडी प्रिंटरमुळे आता नमुना घरबसल्या करता येतो, आणि ही फार मोठी सोय आहे. मात्र थरांवर थर चढवून उभी छापलेली भुजा थरांच्या मधूनच सुटते. भुजा आडवी छापावी, म्हणजे थर तिच्या लांबीच्या दिशेने जातात. तरीही नमुना सांगतो तो आकाराबद्दल आणि बसण्याबद्दल. मोल्ड केलेल्या तुकड्याच्या आयुष्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

शेवटचे प्रकरण जबाबदारीचे आहे, आणि ते मी परिशिष्टात ढकलले नाही. चार आण्यांची क्लिप तुटली म्हणून मिक्सर, पंखा किंवा खेळणे अडगळीत जाते, तेव्हा वाया जाते ते सगळे यंत्र. उघडता येणारी क्लिप ठेवली तर दुरुस्ती करणाऱ्याला स्क्रूड्रायव्हरने वस्तू फोडावी लागत नाही. सर्वांत जास्त झिजणारी क्लिप वेगळा तुकडा म्हणून केली, तर तेवढीच बदलता येते. डबा, बिजागरी आणि लॉक तिन्ही पॉलिप्रॉपिलीनचे असले, तर वस्तू जशीच्या तशी पुन्हा दळता येते. त्यात पोलादी पिन घातली की ती आधी कोणीतरी हाताने उपसावी लागते. प्लास्टिकच्या कचऱ्याविषयी बोलताना सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारला जातो. पण वस्तू किती दिवस चालेल आणि शेवटी तिचे काय होईल, याचा बराचसा निर्णय आखणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो.

हे पुस्तक सलग वाचावे असा आग्रह नाही. विद्यार्थ्यांनी वाकण्याच्या गणितापासून सुरुवात करावी, डाय मेकरांनी डायच्या प्रकरणापासून, तर उद्योजकांनी पदार्थाच्या निवडीपासून. मात्र प्रत्येकाने दुसऱ्याचे एक तरी प्रकरण वाचावे. छत्रपती संभाजीनगरला सिपेट आणि इंडो-जर्मन टूल रूम यांसारख्या संस्थांत डाय आणि मोल्डिंगचे चांगले शिक्षण मिळते. तिथल्या अभ्यासाला मराठीतून एक जोड मिळावी, हीही इच्छा या लेखनामागे आहे. माझ्या शंकांना हातातले काम थांबवून उत्तरे देणाऱ्या डाय मेकरांचा आणि मशीन ऑपरेटरांचा मी ऋणी आहे. या पुस्तकातले पुष्कळसे शहाणपण त्यांचे आहे.

महाराष्ट्रातले कारखाने दुसऱ्यांनी पाठवलेल्या ड्रॉइंगवरून उत्तम माल काढतात. ड्रॉइंगही आपलेच असावे, हा पुढचा टप्पा आहे, आणि त्याची सुरुवात करायला क्लिपइतकी योग्य वस्तू नाही. तिला भांडवल थोडे लागते, चूक लवकर दिसते आणि सुधारणा लगेच मोजता येते. वाचकाने कागद घ्यावा, भुजेची लांबी, जाडी आणि सरकणे लिहावे, ताण काढावा, डाय कोणत्या दिशेने उघडेल तो बाण काढावा आणि माल कुठून आत येईल ती खूण करावी. या सहा गोष्टी एका कागदावर आल्या, की तो कागद डाय मेकरपुढे ठेवावा आणि त्याच्याशी वाद घालावा. त्या वादातून जी क्लिप निघेल ती धरेल.